हजेरीपटापासून शिष्यवृत्तीपर्यंत : स्टार्ट साहेबांची दोन कामे

आमच्या अष्टमी-रोह्याच्या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, 1927 साली महाडचा सत्याग्रह झाला. पुढच्याच वर्षी, 1928 मध्ये, मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. डॉ. आंबेडकर, डॉ. सोळंकी आणि ठक्करबाप्पा हे तिचे सभासद. अध्यक्ष मात्र ओ. एच. बी. स्टार्ट नावाचे इंग्रज सनदी अधिकारी. त्यांचे मूळ काम कोणते, हे पाहिले की थोडे थबकायला होते : 'गुन्हेगार जमातीं'च्या वसाहतींवर देखरेख.

1911 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजच जन्माने गुन्हेगार ठरवता येई. कैकाडी, पारधी, भामटा, मांग-गारुडी, छप्परबंद अशा समाजांची नोंदणी होई, बोटांचे ठसे घेतले जात, हजेरी लावावी लागे, बाहेर जायचे तर पास लागे. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर येथे वसाहती उभ्या राहिल्या. लोक त्यांना 'सेटलमेंट' म्हणत. सोलापुरात तारेच्या कुंपणाआतली मोठी माणसे गिरण्यांत राबत.

आणि मुले? त्यांना शाळा सक्तीची होती. ज्या काळी गावोगावच्या शाळांत अस्पृश्य मुलाला पडवीत बसवत, त्या काळी पारध्याच्या पोराला सरकार हाताला धरून अक्षरे शिकवत होते. मुलांना सुतारकामासारखे हातचे कसबही शिकवले जाई. परंतु याच कायद्याच्या 17 व्या कलमाने सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याचीही मुभा दिली होती. पाटी हाती येई ती कुंपणाच्या आत. स्टार्ट यांना केवळ दयाळू सुधारक म्हणणारे लेखन वाचताना हे कलम मला विसरता येत नाही.

तरीही समितीचा 1930 चा अहवाल प्रामाणिक आहे, असे माझे मत. त्यात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे यांची शिफारस आहे. त्याहून मोलाची आहे ती कबुली : दलित आपला हक्क बजावू लागले की सवर्ण त्यांना जमिनीवरून हुसकावतात, त्यांचे काम बंद करतात, बलुते थांबवतात. बहिष्कारापासून संरक्षण मागताना डॉ. आंबेडकरांनी गोलमेज परिषदेत याच भागाचा आधार घेतला. शिफारशींतून मागासवर्ग खाते निर्माण झाले. गंमत अशी, की त्या खात्याच्या वार्षिक अहवालात वसतिगृहे आणि गुन्हेगार जमातींच्या वसाहती शेजारी-शेजारी नांदताना दिसतात. एकाच कार्यालयात एका मुलाची शिष्यवृत्ती मंजूर होई आणि दुसऱ्याच्या बापाची हजेरी तपासली जाई.

त्याच सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी 1925 मध्ये, म्हणजे समिती नेमली जाण्याच्या जवळजवळ चार वर्षे आधी, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले होते. तिथे हजेरी होती ती अभ्यासाची, आणि मुले आली होती आपल्या पायांनी. म्हणून या इतिहासाचा आरंभ स्टार्ट समितीपासून धरणे मला पटत नाही. समितीच्या आधी ते वसतिगृह आहे, आणि त्याच्या मागे महाडसारख्या लढ्यांची चळवळ आहे.

मुंबई प्रांताने हा कायदा 1949 मध्ये रद्द केला, देशभरातून तो 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. सोलापुरातल्या एका वस्तीचे नाव मात्र आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असेच आहे.