दूरध्वनी मार्गावरील विद्युत् गाळण्या

एकाच तारजोडीवरून जाणाऱ्या भिन्न कंप्रतांच्या विद्युत् संदेशांना परस्परांपासून अलग ठेवणारी विद्युत् मंडले. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात गांधीजींच्या काळातील दूरध्वनी संच जतन केलेला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो (कार. १९३६–४३) यांनी गांधीजींशी तातडीने संपर्क साधता यावा म्हणून तो बसविला होता. त्या काळी ग्राहकाच्या तांब्याच्या तारजोडीवरून केवळ संभाषण होत असे. पुढे तशाच तारजोडीवरून संभाषणाबरोबर संगणकीय माहितीही वाहू लागली, ती या गाळण्यांच्या साहाय्याने.

अमेरिकेत जॉर्ज कँबेल व जर्मनीत कार्ल व्हाग्नर यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विद्युत् गाळणीची कल्पना स्वतंत्रपणे विकसित केली. तारेचे वेटोळे जास्त कंप्रतेच्या प्रवाहास अडविते, तर धारित्र कमी कंप्रतेच्या प्रवाहास. या दोहोंच्या योग्य जुळणीने हवा तो कंप्रता-पट्टा निवडता येतो. संभाषणास ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढा पट्टा पुरतो. ब्रॉडबँडच्या एडीएसएल पद्धतीत माहिती सु. २५ किलोहर्ट्‌झच्या वर पाठविली जाते. गाळणी नसल्यास संभाषणात खरखर ऐकू येते. उलट घंटा वाजताना वा संच उचलताना होणाऱ्या विद्युत् बदलांमुळे माहितीचे वहन खंडित होऊ शकते.

भारतात २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर झाले व २००५ च्या प्रारंभी भारत संचार निगमाने ही सेवा सुरू केली. घरात येणारी तारजोडी प्रथम ‘स्प्लिटर’ या लहान पेटीस व तेथून दूरध्वनी आणि मोडेम यांना जोडीत. घरात जोडसंच असल्यास तोही गाळणीनंतरच जोडणे आवश्यक असे. त्यामुळे दुसऱ्या तारजोडीचा खर्च वाचला आणि जुन्या जोडणीवरच नवी सेवा मिळू शकली.

तथापि गाळणी व्यत्यय दूर करी, अंतर नव्हे. तांब्याच्या तारेत जास्त कंप्रतेचे संदेश झपाट्याने क्षीण होतात. दूरध्वनी केंद्रापासून सु. ५ किमी. पलीकडे ही सेवा सहसा देता येत नसे. वर्धा शहर व सेवाग्राम यांमधील अंतरच सु. ८ किमी. आहे. केंद्रापासून दूर असलेली खेडी म्हणूनच या सोयीबाहेर राहिली. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजुरी दिली. प्रकाशतंतूतून माहिती प्रकाशरूपाने जात असल्याने तेथे या गाळण्यांची गरज उरत नाही.