हातावरची फुली

ऑफिसात नव्यानं लागलेल्या एका मुलीनं मला टर्नस्टाइल या बँडचं गाणं पाठवलं. मी ऐटीत लिहिलं, "छान आहे, पण हे खरं हार्डकोर नाही." तिनं विचारलं, "मग खरं कुठलं?" उत्तर शोधत मी १९८० च्या वॉशिंग्टन डीसीत पोचलो आणि माझंच बोलणं मला टोचायला लागलं.

तिथं बॅड ब्रेन्स हा कृष्णवर्णीय तरुणांचा बँड पंक वाजवत होता, पण पंकला दम लागेल इतक्या वेगानं. त्यांना ऐकून शाळकरी वयाची पोरं पेटली. त्यातलाच एक बँड टीन आयडल्स. अडचण एकच होती. गाणी क्लबात व्हायची, क्लबात दारू मिळायची, म्हणून लहान वयाच्यांना प्रवेश नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबनं यावर तोड काढली. पोरांच्या हातावर काळी फुली मारली, म्हणजे बारवाला दारू देणार नाही. पोरांनी ही युक्ती डीसीत आणली. फुली मारा, पण आत सोडा!

बँड मोडला तेव्हा गाठीला सुमारे ६०० डॉलर होते. ते वाटून न घेता त्यांनी रेकॉर्ड काढली. कव्हरं स्वतः कापली, दुमडली, चिकटवली. कव्हरवर फुल्या मारलेले हात. डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स ही कंपनी अशी सुरू झाली. त्यातल्या इयन मकायनं पुढे मायनर थ्रेट काढला आणि ४६ सेकंदांच्या 'स्ट्रेट एज' गाण्यानंतर फुली म्हणजे नशा न करण्याची शपथ झाली.

पण काही वर्षांत नवं फाटक उभं राहिलं. स्टेजसमोर मारामाऱ्या व्हायला लागल्या. ज्याच्या अंगात जोर, त्याची जागा. १९८५ मध्ये डीसीतल्याच जुन्या मंडळींनी याला कंटाळून सूर बदलला. गाणी संथ, हळवी झाली. म्हणजे 'खरं' हार्डकोर पहिल्यांदा बदललं ते ज्यांनी घडवलं त्यांनीच.

टर्नस्टाइल डीसीशेजारच्या बाल्टिमोरचा. त्यांच्या गाण्यांत सिंथ आहे, एखादं गाणं सहा मिनिटांच्या पुढे जातं. त्यांची रेकॉर्ड कंपनी वॉर्नर समूहातली आहे. इथे मात्र डिस्कॉर्डचा वारसा तुटलाय, हे मान्य करायला हवं. पण मे २०२५ मध्ये त्यांनी आपल्या गावातल्या वायमन पार्क डेलमध्ये फुकट कार्यक्रम केला आणि त्यातून बेघरांच्या आरोग्यसेवेसाठी मदत गोळा केली. दारात वय नाही, तिकीट नाही.

वेग, लांबी, वाद्यं यांवरून मी हार्डकोर मोजत होतो. ज्या पोरांना दारातून हाकललं होतं त्यांनी ते उभं केलं, आणि चाळीस वर्षांनी मी त्याच दारात पहारेकरी होऊन उभा होतो.

मी तिला ते ४६ सेकंदांचं गाणं पाठवलं. खाली लिहिलं, "हे जुनं. तुझं नवं. दोन्ही खरं."