पट्टीची थैली आणि महारकी

स्थानिक स्वराज्याचा इतिहास आपल्याकडे कायद्यांच्या सनावळीतून सांगितला जातो. १८६९ चा लोकल फंड, १८८४ चा लोकल बोर्डांचा कायदा, १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, १९६१ चा जिल्हा परिषदांचा अधिनियम, १९९३ मध्ये अमलात आलेली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती. एवढी सनावळ पाठ झाली की विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होतो. पण कर कोणी भरला, कोणाच्या पाठीवरून तो खजिन्यात गेला आणि कोणाच्या दारात तो रस्ता, शाळा, नळ होऊन परत आला, हा प्रश्न त्या सनावळीत कोठेच येत नाही. मी भोर-वेल्ह्याच्या मावळपट्टीतला. या दोन तालुक्यांपुरता तरी हा प्रश्न येथे मांडायचा आहे. घरपट्टी वाढली म्हणून ग्रामसभेत गलका होतो, तेव्हा आपल्या वस्तीने कोणत्या बाजूने उभे राहायचे हे ठरवायचे असेल, तर हा जुना हिशेब आधी पाहिला पाहिजे.

१

भोर हे पंतसचिवांचे संस्थान. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले. त्याचा घाटाखालचा सुधागड तालुका कुलाबा जिल्ह्यात गेला आणि घाटावरचा भोर-वेल्ह्याचा मुलूख पुणे जिल्ह्यात आला. राजगड आणि तोरणा याच मुलखात आहेत. आमच्याकडे इतिहास म्हटला की या दोन किल्ल्यांची नावे निघतात आणि बोलणे तेथेच थांबते. किल्ल्याखालच्या गावाचा महसूल कसा गोळा होत होता, हे कोणी विचारत नाही.

तो गोळा होत होता महाराच्या पायांनी. पट्टीचे दिवस आले की शेतकऱ्याला चावडीवर बोलावणे, गावाची हद्द दाखवणे, सरकारी टपाल आणि अंमलदाराचे ओझे पुढच्या गावापर्यंत नेणे, मेलेले जनावर ओढणे आणि शेवटी वसुलाची थैली खजिन्यापर्यंत पोचवणे, ही सगळी महारकी. ही कामे ब्रिटिश मुलखात होती तशी संस्थानी मुलखातही होती. राज्य बदलले की दप्तरावरचा शिक्का बदलत होता, येसकराची काठी तीच राहत होती.

याचा मोबदला काय? वतनाचा जमिनीचा तुकडा आणि बलुते. तुकडा पिढीगणिक वाटला जात होता. बलुते देणे-न देणे गावाच्या मर्जीवर होते. काम मात्र चोवीस तासांचे, आणि ते वतनदार कुटुंबातल्या कोणालाही सांगता येत होते. अर्थशास्त्राच्या भाषेत याला एकच नाव आहे: श्रमाच्या रूपाने घेतलेला कर. शेतकऱ्याने रुपयात भरलेली पट्टी दप्तरात नोंदली गेली. महाराने पायांनी भरलेली पट्टी कोणत्याही वहीत नोंदली गेली नाही. म्हणूनच ‘आम्ही कर भरतो, तुम्ही सवलती घेता’ हे वाक्य आज आम्हाला कोणीही सुनावू शकतो.

२

या न नोंदलेल्या कराचा हिशेब प्रथम मांडला तो बाबासाहेबांनी. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. मागणी साधी होती. वतनाच्या जमिनी पूर्ण आकार घेऊन महारांच्या मालकीच्या करा. बलुत्याच्या जागी पैशातला कर ठरवा आणि तो जमीन महसुलाबरोबर सरकारने वसूल करावा. सरकारी चाकरी घ्यायची असेल तर पगार द्या. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बाबासाहेब कर माफ करा म्हणत नव्हते, उलट जास्त आकार भरायला ते तयार होते. त्यांना हवा होता तो नोंदलेला, मोजलेला कर, कारण मोजलेल्या कराबरोबर नागरिकाचा हक्क येतो आणि न मोजलेल्या वेठीबरोबर फक्त गुलामी येते. १९२९ मध्ये ते विधेयक मागे घ्यावे लागले.

दुसरा प्रसंग १९४१ चा. सरकारने महारवतनांवरची जुडी वाढवली. जुडी म्हणजे वतनी जमिनीवरचा सवलतीचा सारा. वेठ कायम ठेवायची आणि सारा मात्र वाढवायचा, असा हा दुहेरी मार होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरला वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेबांनी करबंदीचा इशारा दिला. सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. म्हणजे १९२८ मध्ये जास्त आकार भरायला तयार असलेला नेता १९४१ मध्ये करबंदी पुकारतो. यात विसंगती नाही. हक्क देणारा कर भरायचा, हक्काशिवाय लादलेला कर नाकारायचा, हे एकच सूत्र दोन्हीकडे आहे.

वतने शेवटी कायद्याने गेली ती १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन अधिनियमाने. जमीन परत मिळाली, पण ती कब्जेहक्काची रक्कम भरून आणि नव्या शर्तीवर. मुदतीत रक्कम न भरणारा आपल्याच जमिनीवर बेकायदा ठरत होता. गिरणीत नाहीतर गोदीत राबणाऱ्या कुटुंबाला गावी आलेली नोटीस वेळेवर कळली नसेल, तर पिढ्यांची चाकरी एका तारखेने पुसली जाऊ शकत होती. आज महामार्गालगतच्या जमिनींना सोन्याचा भाव आला आहे. नवी शर्त, परवानगी आणि नजराणा यांच्या जंजाळात सापडलेल्या वतनदाराला मात्र तो भाव सहजासहजी मिळत नाही. तो मिळतो कागदपत्रांची वाट माहीत असलेल्या मध्यस्थाला.

३

आता विकासाकडे वळू. भोर-वेल्ह्याचे खरे उत्पन्न पाणी. भाटघरला वेळवंडी नदीवर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात पहिले धरण बांधले आणि १९२८ च्या सुमारास त्याच्या जागी मोठे लॉइड धरण उभे राहिले. त्याची साठवण सुमारे साडेतेवीस टीएमसी. हे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, फलटण, माळशिरसकडे गेले. तेथे ऊस झाला, साखर कारखाने झाले, सहकाराचे राजकारण झाले. वेल्ह्याच्या बाजूला पानशेत आणि वरसगाव झाले, त्यांचे पाणी पुणे शहराला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्यात जे वाहून गेले त्याचा इतिहास लिहिला गेला आणि तो लिहिलाच पाहिजे होता. पण धरण बांधताना वरच्या खोऱ्यात जे बुडाले, त्याचा इतिहास एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिला गेला नाही. पुढे नीरा-देवघर आले, गुंजवणी आले.

येथे करपद्धतीतली एक मेख पाहावी. जिल्हा परिषद अधिनियमाप्रमाणे जमीन महसुलाच्या दर रुपयामागे वीस पैसे स्थानिक उपकर ठरला. सारा जास्त तेथे उपकर जास्त. खोऱ्यातली भातखाचरे पाण्याखाली गेली की त्यांचा सारा गेला आणि साऱ्याबरोबर उपकरही गेला. उरली डोंगरउतारावरची नाचणी-वरीची वरकस जमीन. तिचा आकारच नगण्य, मग उपकर तो किती? पाणी देणारा तालुका करदृष्ट्या दरिद्री झाला आणि पाणी घेणारा तालुका श्रीमंत झाला.

आणि बुडालेल्या गावातही सगळे सारखे बुडत नाहीत. ज्याच्या नावावर जमीन, तो खातेदार, त्याला मोबदला. जो दुसऱ्याच्या शेतावर राबत होता, नदीकाठचे लाकूडफाटा आणि गवत विकत होता, त्याच्या नावावर मोजण्यासारखे काहीच नव्हते. जे कधी नोंदले गेले नाही, ते बुडाले तरी नोंदले जात नाही.

४

या अन्यायाचा भूगोल केवळ आपला नाही. अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात एजवूड नावाची गरीब, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांची शालेय वस्ती होती आणि जवळच अलामो हाइट्स ही गोऱ्या सुखवस्तूंची. एजवूडचे लोक जास्त दराने कर भरत होते, तरी त्यांना दर मुलामागे स्थानिक करातून २६ डॉलर मिळत होते. अलामो हाइट्सचा दर कमी, पण तेथे ३३३ डॉलर. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य नाही असे ठरवले. ज्याची मालमत्ता कमी त्याने जास्त दर सोसायचा आणि तरी कमी मिळवायचे! याला ‘स्थानिक स्वायत्तता’ असे गोंडस नाव आहे.

जोतीरावांनी हे दुखणे १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे मांडले होते: महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ वरच्यांना. बाबासाहेबांनी १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकाला कायदेमंडळात विरोध केला तोही याच जातीचा. प्रत्येक गावात अल्पसंख्य असलेल्या अस्पृश्यांना राखीव जागा दिल्याशिवाय पंचायतीच्या हाती अधिकार देणे म्हणजे त्यांना गावाच्या स्वाधीन करणे होय, हे त्यांनी स्पष्ट बजावले होते. राखीव जागा घटनेने मिळाल्या. परंतु जागा मिळाली म्हणजे हिशेबाची वही हाती आली, असे नव्हे.

५

आज काय आहे? पुणे-सातारा महामार्गाने नसरापूर, कापूरहोळच्या बाजूला जमिनीचे रूपच पालटले आहे. धरणांच्या काठी बंगले आणि हॉटेले आली. ग्रामपंचायतींना नवे उत्पन्न दिसू लागले. त्याच वेळी घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती वाढली की गाव चिडते आणि आमची वस्तीही त्या चिडीत सामील होते. येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे.

कायद्याप्रमाणे मागणीचे बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरतो. सरकारी जमिनीवर अतिक्रमण असणाराही अपात्र ठरतो, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या अतिक्रमित घरात राहणाऱ्या सदस्यालाही हाच नियम लावला. गावठाणात जागा नाही म्हणून गायरानात घर बांधणारा माणूस कोण असतो, हे सांगायला नको. दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह याच जमिनीसाठी झाले. त्या घराची घरपट्टी पंचायत घेते, पण पट्टीची पावती मालकीचा पुरावा होत नाही. म्हणजे कर भरण्यापुरते घर खरे आणि निवडून येण्यापुरते खोटे!

दुसरी बाजूही पाहावी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात, जिल्हा परिषदेने २० टक्के. हे टक्के उत्पन्नाचे आहेत. उत्पन्नच कमी दाखवले, बंगल्याची आणि कारखान्याच्या शेडची आकारणी कमी झाली, तर आमचे १५ टक्केही तेवढेच आकसतात. म्हणून ‘सगळ्यांची पट्टी कमी करा’ ही घोषणा ऐकायला समतेची वाटली, तरी तिचा मोठा लाभ मोठ्या मालमत्तेला होतो. झोपडीचे वाचतात शंभर, बंगल्याचे वाचतात हजारो आणि वस्तीचा नळ पुढच्या वर्षावर जातो.

तेव्हा आपली भूमिका करवाढीला सरसकट होकाराची नाही आणि सरसकट नकाराचीही नाही. १९२८ आणि १९४१ चे सूत्रच येथे लावले पाहिजे. ग्रामसभेत तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, आकारणीची यादी जाहीर वाचली जावी, लहान घरापासून सर्वांत मोठ्या बंगल्यापर्यंत. दुसरी, १५ टक्क्यांचा मागच्या पाच वर्षांचा खर्च कामानुसार आणि जागेनुसार सांगितला जावा, कारण सगळ्या गावाचा रस्ता वस्तीच्या नावावर टाकता येतो. तिसरी, ज्या घराची पट्टी पंचायत वर्षानुवर्षे घेते, त्या घराखालची जागा नियमित करण्याचा ठराव त्याच सभेत व्हावा.

२०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय झाला. दोन्हींचे स्वागत आहे. नावाला खर्च येत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी गावाच्या पट्टीची थैली खजिन्यापर्यंत वाहिली आणि ती उघडून पाहण्याचा अधिकार त्यांना कधी नव्हता. आपल्याला तो कायद्याने आहे. तो वापरण्यासाठी ग्रामसभेला वेळेवर जावे लागते, आणि आकडे वाचून होईपर्यंत तेथे बसावे लागते.