भांड्यांवरचं नाव

शिकागोच्या उपनगरात राहायचं म्हणजे मालगाडीसाठी फाटकात ताटकळण्याची सवय करून घ्यावीच लागते. गाडी मैल-दीड मैल लांब. पहिली दोन-तीन मिनिटं चरफडण्यात जातात आणि मग माणूस निमूटपणे वाघिणींवरची अक्षरं वाचायला लागतो. (वॅगनला मराठीत वाघीण म्हणतात हे मला फार आवडतं!) पुढे लाल-काळं इंजिन आणि त्यावर नागमोडी 'सीएन'. मागच्या वाघिणींवर मात्र कुठे 'आयसी', कुठे 'जीटीडब्ल्यू', कुठे 'डब्ल्यूसी'. या कंपन्यांची स्वतःची अशी गाडी आता कुठेच धावत नाही, अक्षरं तेवढी धावतात.

ती बघितली की मला आजीचा पितळी डबा आठवतो. त्याच्यावर तिच्या वडिलांचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं. आजीचं नाव लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून बदललं, डब्यावरचं कुणी बदललं नाही. सासरी साठ वर्षं तो डबा माहेरच्या नावानं नांदला.

तर या वाघिणींचं सासर म्हणजे कॅनेडियन नॅशनल, थोडक्यात सीएन. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कॅनडातल्या अनेक रेल्वे कंपन्या डबघाईला आल्या, तेव्हा सरकारनं त्या ताब्यात घेऊन १९१९ साली ही कंपनी काढली. तिच्यात आलेल्या ग्रँड ट्रंकचे रूळ आधीपासूनच सीमेपलीकडे होते. माँट्रियलचं बंदर हिवाळ्यात गोठायचं, म्हणून १८५३ मध्येच अमेरिकेतल्या पोर्टलंडपर्यंत लोहमार्ग पोचला होता. म्हणजे सीमा ओलांडणं नवं नाही. पण ओलांडल्यावर नाव काय लावायचं, हा प्रश्न पुढे आला.

१९६० साली ॲलन फ्लेमिंगनं सीएनचं प्रसिद्ध बोधचिन्ह काढलं. एकाच रेषेत वळत गेलेली दोन अक्षरं. इंग्रजीत 'कॅनेडियन नॅशनल' आणि फ्रेंचमध्ये 'कॅनेडियें नासियोनाल', अक्षरं तीच! दोन भाषांच्या देशात कुणालाच दुखवायला नको. अमेरिकेतल्या लेकींनाही त्याच वळणाची अक्षरं मिळाली, पण त्यांची स्वतःची: ग्रँड ट्रंकला 'जीटी', सेंट्रल व्हरमाँटला 'सीव्ही'. पुढे १९७१ मध्ये या अमेरिकी कंपन्यांसाठी वेगळं महामंडळ निघालं, ग्रँड ट्रंक वेस्टर्नची इंजिनं निळ्या रंगात मिरवू लागली. मालक कॅनडाचं सरकार, चेहरा मात्र मिशिगनचा. एका घरात दोन चुली म्हणा ना.

हे सगळं फिरलं नव्वदच्या दशकात. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा 'नाफ्टा' करार १९९४ मध्ये लागू झाला आणि माल पूर्व-पश्चिमेऐवजी उत्तर-दक्षिण जास्त धावणार हे सगळ्यांना दिसू लागलं. १९९५ मध्ये कॅनडा सरकारनं सीएनचे शेअर बाजारात विकले. १९९८ मध्ये कंपनीनं इलिनॉय सेंट्रल विकत घ्यायचं ठरवलं. ही १८५१ ची, शिकागोहून न्यू ऑर्लिन्सला जाणारी रेल्वे. अमेरिकी नियामक मंडळाची मंजुरी मार्च १९९९ मध्ये मिळाली.

आता सीएन मेक्सिकोच्या आखातापर्यंत पोचली. मग 'कॅनेडियन नॅशनल' या नावातला ना पहिला शब्द सोयीचा ना दुसरा! सरकारी मालकी संपलेली आणि रूळ लुइझियानापर्यंत. कंपनी स्वतःला नुसतं 'सीएन' म्हणवू लागली आणि खाली ब्रीद आलं, 'उत्तर अमेरिकेची रेल्वे'. गंमत अशी, की फ्लेमिंगनं दोन भाषांना सामावून घ्यायला काढलेली अक्षरं, चाळीस वर्षांनी देशाचं नाव हळूच बाजूला ठेवायला उपयोगी पडली. अक्षरं तीच राहिली, म्हणून बदल फारसा डोळ्यांत भरला नाही.

लगेच डिसेंबर १९९९ मध्ये सीएन आणि अमेरिकेतल्या बीएनएसएफनं एकत्र यायचं जाहीर केलं. नाव ठरलं होतं 'नॉर्थ अमेरिकन रेल्वेज'. ना गाव, ना देश, नुसता खंड. पण आधीच्या विलीनीकरणांत गाड्यांचा इतका खोळंबा झाला होता, की नियामक मंडळानं मार्च २००० मध्ये मोठ्या विलीनीकरणांवर पंधरा महिन्यांची बंदी घातली आणि त्या उन्हाळ्यात दोघांनी नाद सोडला.

सीएनची जुनी प्रतिस्पर्धी म्हणजे कॅनेडियन पॅसिफिक, सीपी. ब्रिटिश कोलंबिया १८७१ मध्ये कॅनडात आलं ते रेल्वेच्या वचनावर, आणि ते पुरं केलं सीपीनं. ७ नोव्हेंबर १८८५ ला क्रेगेलाकीला शेवटचा खिळा ठोकला गेला. अशी देश शिवणारी कंपनीसुद्धा दक्षिणेकडे वळली. १९९० मध्ये सू लाइन पूर्ण मालकीची झाली, १९९१ मध्ये डेलावेअर अँड हडसन घेतली. १९९३ मध्ये तर इंजिनांवर दोन्ही देशांचे झेंडे एकमेकांत मिसळून रंगवले. ती हौस तीन-चार वर्षांतच संपली आणि जुना बीव्हर बोधचिन्हावर परत आला.

पुढे १४ एप्रिल २०२३ ला सीपी आणि कॅन्सस सिटी सदर्न एक झाल्या. कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको या तिन्ही देशांना जोडणारी एकाच कंपनीची ही पहिली रेल्वे. त्या दिवशी पुन्हा एक 'शेवटचा खिळा' ठोकला, या वेळी कॅन्सस सिटीत. नाव झालं 'कॅनेडियन पॅसिफिक कॅन्सस सिटी'. म्हणजे एक देश, एक महासागर आणि एक शहर. ज्या मेक्सिकोसाठी एवढा खटाटोप केला, तो नावात नाहीच! २०२४ मध्ये कॅलगरीहून मेक्सिको सिटीपर्यंत मिरवायला नेलं तेही १९३० सालचं कॅनेडियन वाफेचं इंजिन. नवी सून आली की घराण्याचे जुने दागिने बाहेर निघतात, तसंच.

मग ओळख राहते कशात? सीएन विकताना कॅनडाच्या संसदेनं कायद्यात लिहून ठेवलं, की मुख्यालय माँट्रियल परिसरातच राहील आणि इंग्रजी-फ्रेंच द्विभाषेचा कायदा कंपनीला लागू राहील. ब्रीदात खंड आला तरी चूल कुठे मांडायची ते कायद्यानं ठरलेलं. आणि दुसऱ्या टोकाला या वाघिणींवरची अक्षरं. ती कुणी हळवेपणानं ठेवलेली नाहीत. कोणती वाघीण कुणाची याचा हिशेब त्या अक्षरांवर चालतो, आणि विकत घेतलेल्या कंपनीची अक्षरंही आपलीच म्हणून वापरता येतात.

आजीनंही डबा नावासाठी ठेवला नव्हता. तो चांगला जाड होता आणि त्यात लाडू मावायचे, एवढंच. पण म्हणूनच तर पणजोबांचं नाव आमच्यापर्यंत पोचलं. ज्या गोष्टी आपण जपायच्या म्हणून जपतो त्यांच्यापेक्षा, रोज वापरात असतात त्या गोष्टी नाव जास्त टिकवतात की काय, कोण जाणे.

असो. शेवटची वाघीण गेली, फाटक उघडलं. मागचा हॉर्न वाजवतोय. शेवटचीवर 'आयसी' होतं.