अलिबागचे शांत चुंबक आणि दूरची उपवादळे

धागा : ट्रामपासून दूर नेलेल्या एका वेधशाळेविषयी

परभणी जिल्ह्यातील वालूरहून ध्रुवीय प्रकाश दिसत नाही. उत्तरेकडे तो एकाएकी भडकून उठतो तेव्हा वालूरवर नेहमीचीच चांदण्यांची रात्र असते. तरीही त्या घटनेची वर्दी दोन-तीन मिनिटांत महाराष्ट्रात येऊन पोहोचते. ती टिपता येते, यामागे मुंबईच्या ट्रामचा इतिहास आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा वेधशाळा उभारली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. २ सप्टेंबर १८५९ रोजीच्या महावादळात तेथील निरीक्षकांनी क्षैतिज घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदवली. हे आकडे डोळ्यांनी वाचून हाताने लिहिलेले होते. आजही त्या वादळाचा अभ्यास त्यांच्यावाचून होत नाही.

त्याच वादळाचा आलेख लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत छायाचित्रण पद्धतीने उमटला होता. १८६१ मध्ये बाल्फोर स्ट्युअर्ट यांनी त्यातील बारीक, जलद थरथर जगापुढे मांडली. भूचुंबकीय स्पंदनांची ही पहिली नोंद मानली जाते. मोठ्या लाटेच्या अंगावरील हे तरंग तेव्हा कोणाला फारसे महत्त्वाचे वाटले नाहीत.

१८९६ मध्ये नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक झाले. लवकरच मुंबईत घोड्यांची ट्राम जाऊन विजेची ट्राम येणार, हे स्पष्ट झाले. ट्रामचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि चुंबकसूची अकारण हलवतो. शहराला ट्राम हवी होती. विज्ञानाला साठ वर्षांची अखंड नोंद तुटू द्यायची नव्हती. अखेर वेधशाळाच हलली. १९०४ मध्ये अलिबागला लोखंड कटाक्षाने टाळून नवी इमारत उभी राहिली. मूस यांची खरी दूरदृष्टी पुढच्या निर्णयात दिसते : १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली गेली, त्यामुळे जुने आकडे नव्यांशी जुळवता आले. १९०७ मध्ये ट्राम धावली, तोवर चुंबके खाडीपलीकडे सुरक्षित होती.

आता त्या थरथरीकडे वळू. सूर्यवाऱ्याची ऊर्जा पृथ्वीच्या चुंबकांबराच्या, म्हणजे तिच्या चुंबकीय प्रभावक्षेत्राच्या, लांब शेपटीत साठत जाते. ताण असह्य झाला की ती अचानक मोकळी होते. यालाच उपवादळ म्हणतात. शुन-इची अकासोफू यांनी १९६४ मध्ये ध्रुवीय प्रकाशाच्या छायाचित्रांवरून त्याचा क्रम मांडला. पण आकाश ढगाळ असेल, किंवा प्रकाश भडकला त्याखाली कॅमेराच नसेल, तर आरंभाचा क्षण हुकतो.

येथे स्पंदने कामी येतात. आरंभाच्या धक्क्याने चुंबकांबरात लाटा उठतात आणि रात्रीच्या बाजूला, अगदी कमी अक्षांशांवरही, जवळजवळ एकाच वेळी ४० ते १५० सेकंदांच्या आवर्तकाळाची, लवकर विरून जाणारी स्पंदने उमटतात. घंटेवर टोला पडावा आणि नाद घुमत ओसरावा, तसे. त्यांना ‘पाय-२’ हे रूक्ष नाव आहे. अलिबागला त्यांची उंची बहुधा एखाद-दोन नॅनोटेस्ला असते; मूळ क्षेत्र मात्र चाळीस हजारांच्या आसपास. ट्रामच्या शहरात हा तरंग ओळखताच आला नसता. संथ सरकणाऱ्या छायाचित्रण-कागदावरही मिनिटाभराचा चढउतार रेषेच्या जाडीत हरवत असे; आजची उपकरणे दर सेकंदाला नोंद घेतात.

अर्थात प्रत्येक पाय-२ म्हणजे उपवादळ नव्हे. अगदी शांत रात्रीही ती दिसतात, आणि त्यांच्या उंचीवरून उपवादळाचा जोर ठरवणे धोक्याचे असते. त्यांचा खरा उपयोग घड्याळासारखा आहे. २००७ मध्ये ‘नासा’ने थीमिस मोहिमेचे पाच उपग्रह सोडले ते शेपटीत आधी काय घडते याचा क्रम लावण्यासाठी, त्या क्रमासाठीही जमिनीवरील चुंबकमापकांच्या वेळा लागल्याच.

१९७१ पासून अलिबागची वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. तेथील नोंद अजूनही चालू आहे.