जुना इशारा, नवा पडदा

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटणे आज अगदी साधे वाटते. पण १९९२ साली ‘एक्सफ्री८६’ हा मुक्त प्रकल्प सुरू झाला तेव्हा तसे नव्हते. त्या वेळचा मॉनिटर म्हणजे काचेची जाडजूड नळी. तिच्यातला इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला किती ओळी काढील, किती वेळा पडदा भरील, हे आकडे वापरणाऱ्यानेच माहितीपुस्तिकेतून शोधून एका फाइलीत लिहावयाचे. आकडा भलताच पडला तर काही मॉनिटर चक्क बिघडत. म्हणून मार्गदर्शिकांत इशारा असे : जपून!

इशारा खरा होता. पण १९९४ साली ‘व्हेसा’ संस्थेने योजना आखली, की मॉनिटरने आपल्या मर्यादा आपणच संगणकाला कळवाव्यात. पुढे नळी जाऊन सपाट पडदे आले. ती फाइल बहुतेकांना लागेनाशी झाली. जुन्या पानांवरचा सल्ला मात्र तसाच राहिला. मग होते काय, की नवखा माणूस तोच प्रमाण मानून जुने आकडे लिहितो, आणि पडद्याने स्वतः सांगितलेले बरोबर आकडे बाजूला पडतात!

तेव्हा श्रोतेहो, जुना सल्ला नुसता पुसून भागत नाही. जुनी नळी अजून कोणाकडे असेलही. तिला तो लागू आहेच. तो कोणत्या यंत्राचा, कोणत्या सालचा, एवढे शेजारी लिहावे. गेल्या वर्षीचे पंचांग खोटे नसते. त्यावरून या वर्षीचा मुहूर्त काढावयाचा नसतो, इतकेच.