सहा टिंबे आणि अनेक शाळा

फिरतीच्या नोकरीत मुलांच्या शाळेची काय आबाळ होते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. बदलीचा हुकूम हाती पडला, की सामानाच्या आधी मुलांच्या दाखल्यांची चिंता सुरू होते. तरीही डोळस मुलाला एक आधार असतो. नागपूरहून लखनौला गेले तर भाषा बदलते, पण देवनागरी अक्षर त्याच्याबरोबर जाते. मद्रासला गेले तर तेही सुटते, पण इंग्रजीची ए-बी-सी तरी सर्वत्र तीच असते. १९५१ पूर्वीच्या हिंदुस्थानातील अंध मुलाला हा आधार नव्हता. एका शाळेत बोटांनी शिकलेले अक्षर दुसऱ्या शाळेत भलतेच अक्षर ठरे. एवढेच नव्हे, तर एकाच शाळेत, एकाच बाकावर, इंग्रजीच्या तासाला एका खुणेचा एक अर्थ आणि देशी भाषेच्या तासाला तिचाच दुसरा अर्थ असाही प्रकार घडे.

हे असे का झाले आणि कसे निस्तरले, याची हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. अंधांच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण दयेकडे वळतो. ही हकीकत दयेची नाही. ती कारभाराची आहे.

लुई ब्रेलचा जन्म १८०९ सालचा, पॅरिसजवळच्या कूव्रे गावचा. खोगिरे करणाऱ्या बापाच्या कारखान्यात हत्यार लागून लहानपणीच त्याची दृष्टी गेली. व्हालांतीन आयुई यांनी पॅरिसमध्ये स्थापन केलेल्या अंधशाळेत तो शिकला आणि तेथेच शिक्षक झाला. आयुई यांची पुस्तके म्हणजे डोळसांचीच अक्षरे कागदावर उठावदार केलेली. ती वाचणे बोटांना जड जाई आणि लिहिणे जवळजवळ अशक्य. शार्ल बार्बिए नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याने टिंबांची एक पद्धत काढली होती. तिच्यातली टिंबे बारांवरून सहावर आणून ब्रेलने १८२९ मध्ये आपली लिपी प्रसिद्ध केली. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन टिंबे. बोटाचा अग्रभाग न हलवता एका स्पर्शात सबंध अक्षर कळावे, हे त्यातले मर्म. सहा टिंबांपासून त्रेसष्ट निरनिराळ्या खुणा होतात. रोमन वर्णमालेला सव्वीस लागतात. बाकीच्या विरामचिन्हांना आणि संक्षेपांना मिळतात.

अडचण सुरू होते ती आपल्या वर्णमालेपाशी. स्वर आणि व्यंजने मिळून पन्नासाच्या आसपास; शिवाय ख, घ, छ, झ यांसारख्या महाप्राणांना रोमनमध्ये स्वतंत्र अक्षर नाही; ट-ठ-ड-ढ-ण हा सारा वर्गच तेथे नाही. तेव्हा ही लिपी हिंदुस्थानात आणणाऱ्यापुढे दोन वाटा होत्या. जे ध्वनी रोमन अक्षरांशी जुळतात त्यांना मूळ ब्रेलच्याच खुणा द्यायच्या आणि उरलेल्यांना उरलेल्या खुणा वाटायच्या, ही एक. रोमनचा विचारच सोडून आपल्या वर्णमालेच्या सोयीने नवी मांडणी करायची, ही दुसरी. दोन्ही वाटांना सबळ कारणे होती, आणि दोन्ही वाटांनी माणसे गेली.

मिस शार्प यांनी १८८७ साली अमृतसर येथे अंधांची शाळा काढली. आपल्या देशातली ती पहिली मानतात. पुढे ती डेहराडूनजवळ राजपूरला गेली. १८९० मध्ये दक्षिणेत पाळेयंकोट्टै येथे मिस आस्क्विथ यांनी काम सुरू केले. कलकत्त्यात लालबिहारी शाह यांनी १८९७ साली शाळा स्थापिली. मुंबईत १९०० साली, दुष्काळाच्या पाठोपाठ, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा उघडली. दादरच्या शाळेचे मूळ ते. १९०२ साली ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली. म्हैसूर संस्थानातही याच सुमारास शाळा झाली.

या साऱ्या संस्था एकेका माणसाच्या ध्यासातून उभ्या राहिल्या. सरकारचे खाते त्यांच्यामागे नव्हते, परस्परांत पत्रव्यवहार बेताचाच होता, आणि प्रत्येकीला उद्याच्या तासाला मुलांच्या हाती काही द्यायचे होते. साहजिकच प्रत्येकीने आपापली तजवीज केली. शिरफ यांची ब्रेल, शाह यांची बंगाली ब्रेल, म्हैसूरची ब्रेल, पश्चिम भारतात डॉ. नीळकंठराय छत्रपती यांची ब्रेल. तिरुवांकुरात काम केलेले रेव्हरंड नोल्स आणि मद्रास इलाख्यातले शिक्षणाधिकारी गार्थवेट यांनी पौर्वात्य भाषांसाठी एकच संकेत असावा म्हणून ‘ओरिएंटल ब्रेल’ सिद्ध केली आणि बायबल सोसायटीने १९०२ मध्ये ती पुरस्कारली. हेतू ऐक्याचा होता. सर्वांनी ती स्वीकारली नाही, त्यामुळे व्यवहारात यादीत आणखी एका नावाची भर पडली. समन्वयासाठी काढलेल्या योजनेची ही गत कचेरीत बसणाऱ्या वाचकांना अपरिचित वाटणार नाही.

यांतल्या कोणालाही दोष देता येत नाही. ज्याने स्वतः खपून लिपी बसवली, तिच्यात मुलांना शिकवले, हाताने टोचून टोचून पुस्तके तयार केली, त्याला ‘तुमची अक्षरे सोडा’ असे सांगणे म्हणजे त्याचे आयुष्य पुसायला सांगण्यासारखेच होते. पण परिणाम मुलांना भोगावा लागला. अंधांची पुस्तके मुळातच थोडी. ब्रेलमध्ये एक छापील पुस्तक अनेक जाड खंडांचे होते. छपाईला जस्ताचे पत्रे आणि खास यंत्रे लागतात. प्रत्येक शाळेची लिपी वेगळी म्हटल्यावर कोणतेच पुस्तक पुरेशा प्रती खपण्याइतके मोठे वाचकमंडळ मिळवू शकत नव्हते. म्हणून छापखाना नाही. छापखाना नाही म्हणून पुस्तके नाहीत. आणि पुस्तके नाहीत म्हणून जुन्या हस्तलिखितांची, पर्यायाने जुन्या लिपीची, किंमत वाढलेली.

हा घोळ केवळ आपल्याच देशात झाला असे नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क पॉइंट, अमेरिकन ब्रेल आणि ब्रिटिश ब्रेल अशा तीन पद्धती एकमेकींशी भांडत होत्या. न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने १९०९ मध्ये यावर सुनावणी घेतली, तेव्हा हेलन केलर यांनी आपले मत लेखी कळवले होते. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत एकमत व्हायला १९३२ साल उजाडावे लागले. त्यांची भाषा एकच होती, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे १९४१ साली केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने तज्ज्ञांची समिती नेमली. तिने ‘युनिफॉर्म इंडियन ब्रेल’ आखली. सर्व भारतीय भाषांना एक संकेत, हा मोठा पल्ला तिने गाठला. मात्र मूळ ब्रेलशी असलेले नाते तिने फारसे राखले नाही. याच काळात युद्धात अंध झालेल्या हिंदी सैनिकांसाठी डेहराडूनला सेंट डन्स्टन्सचे वसतिगृह निघाले. तेथे आलेले सर क्लूथा मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, गॅलिपोलीच्या लढाईत त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. पुढे ते त्यांच्या देशाच्या पार्लमेंटचे सभासदही झाले. हिंदुस्थानातील अंधत्वावरचा अहवाल १९४४ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. देशात अंधांची संख्या वीस लाखांच्या घरात आणि शाळा तीस-बत्तीस, असे त्या वेळचे मान होते.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न पुन्हा पुढे आला. १९४७ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्यात लाल अडवाणी हे स्वतः अंध असलेले अधिकारी आले होते. अंधांविषयीची फाईल एका अंधाने हाताळावी, ही गोष्ट त्या काळी नवीनच होती. समितीची ब्रेल देशभर लागू करावी, की मूळ ब्रेलशी जुळती नवी करावी? आजची सोय पहिल्यात होती. पण पुढे इंग्रजी आणि इतर भाषा शिकणाऱ्या मुलाला दोन परस्परविरोधी संकेत जन्मभर वागवावे लागणार होते. १९४९ च्या एप्रिलमध्ये भारत सरकारने हा प्रश्न युनेस्कोकडे नेला. एका देशाची अडचण म्हणून गेलेले ते पत्र लवकरच साऱ्या जगाचे काम झाले, कारण अरबी, फारसी, मलायी, चिनी या सर्वांपुढे थोड्याफार फरकाने हेच कोडे होते. युनेस्कोने सल्लागार म्हणून मॅकेन्झी यांनाच घेतले. मार्च १९५० मध्ये पॅरिसला परिषद भरली. तिला भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी उपस्थित होते. फेब्रुवारी १९५१ मध्ये बैरूतला दुसरी परिषद झाली. तत्त्व ठरले ते असे, की ध्वनी सारखा असेल तेथे खूणही शक्यतो मूळ ब्रेलचीच असावी. त्याच वर्षी भारताने ‘भारती ब्रेल’ स्वीकारली आणि डेहराडूनला सेंट्रल ब्रेल प्रेस सुरू झाला.

भारती ब्रेलची रचना पाहिली की तडजोड किती विचाराने केली होती हे दिसते. क ला इंग्रजी के ची खूण, ग ला जी ची, म ला एम ची. उरलेल्या वर्णांसाठी इंग्रजी ब्रेलमधले संक्षेप उपयोगी पडले. इंग्रजीत ‘सीएच्’ या जोडीला जी एकच खूण आहे ती छ ला मिळाली, ‘जीएच्’ ची घ ला, ‘एसएच्’ ची श ला, ‘टीएच्’ ची थ ला. काना, मात्रा, वेलांटी यांच्यासाठी वेगळ्या खुणा नाहीत. व्यंजनापुढे सबंध स्वरच लिहायचा. म्हणजे ‘कि’ लिहिताना आपण डोळस माणसे आधी वेलांटी काढून मग क काढतो, तसा उलटा प्रवास बोटांना करावा लागत नाही. उच्चाराच्या क्रमानेच अक्षरे येतात. जोडाक्षरासाठी हलन्ताचे एक टिंब पुरते. मुद्रकांना आणि टंकलेखन यंत्राच्या कारागिरांना आपल्या जोडाक्षरांनी किती छळले, हे आठवले म्हणजे या साधेपणाचा थोडा हेवाच वाटतो.

संकेत ठरला म्हणून लगेच पाटी बदलत नाही. जुन्या लिपीत शिकलेले शिक्षक होते, कपाटात जुनी पुस्तके होती. हा बदल सोसला तो शिक्षकांनी, आणि त्यांचे नाव कोणत्याही अहवालात नाही. पण आता एका ठिकाणी छापलेले पुस्तक त्या भाषेच्या कोणत्याही शाळेत वाचता येऊ लागले. १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था निघाली. १९७४ मध्ये केंद्र सरकारने अपंग मुलांना सामान्य शाळांत सामावून घेण्याची योजना आखली, आणि अंध मूल विशेष शाळेच्या आवाराबाहेर, चार डोळस मुलांच्या शेजारी बसू लागले. फिरते शिक्षक आठवड्यातून काही वेळा त्या शाळेत जाऊन त्याला ब्रेल शिकवतात. दर शाळेची लिपी निराळी राहिली असती तर असा शिक्षक तयार तरी कोणत्या लिपीत करायचा होता? आज संगणक देवनागरी मजकुराचे क्षणार्धात ब्रेल करून देतो तेही १९५१ च्या त्याच तक्त्याच्या आधारावर. पुस्तके मुलाच्या हाती वर्ष सुरू होण्याआधी पडतात का, हा प्रश्न मात्र यंत्राचा नाही. वेळेवर मागणी नोंदवणे, छापखान्याला मजकूर पोचवणे, गठ्ठे शाळेपर्यंत धाडणे, ही कामे अजून माणसांच्या टेबलांवरून जातात आणि तेथे ती अडतातही.

एक बारीकशी गोष्ट मराठी माणूस म्हणून सांगावीशी वाटते. उत्तरेत राहणाऱ्या आपणा सर्वांना ळ चा अनुभव आहे. शाळेच्या हजेरीपटावर, रेशनकार्डावर, दारावरच्या पाटीवर आपली आडनावे ‘काले’ आणि ‘गोखले’ यांच्या रांगेत एकाच मापाने बसवली जातात, आणि काळे आडनावाचा गृहस्थ दोन बदल्यांनंतर दुरुस्त करण्याचा नाद सोडतो. भारती ब्रेलमध्ये ळ ला स्वतःची जागा आहे. उजवीकडच्या ओळीतली तिन्ही टिंबे, म्हणजे चार, पाच आणि सहा, उठवली की ळ होतो. गुजरातीला तीच खूण, कन्नडला तीच, तमिळ आणि मलयाळम या भाषांनाही तीच. डोळ्यांना या पाच भाषांचे ळ एकमेकांसारखे दिसत नाहीत. पुण्यात शिकलेल्या मुलाचे बोट पाळेयंकोट्टैच्या पुस्तकावर ठेवले, तर शब्दांचा अर्थ त्याला लागणार नाही. पण ळ कोठे आहे, हे तो न चुकता दाखवील.